खर्च न झालेले पैसे

गणपती बसायच्या सुमारास, नाहीतर विसर्जनानंतर लगेच, वॉर्ड ऑफिसात बजेटचं परिपत्रक यायचं. प्रमुख लेखापालांच्या कार्यालयातून निघालेलं, सोबत कोरे तक्ते. मुंबई महापालिकेच्या एका वॉर्डात लेखा शाखेत मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली, आधी लिपिक, मग मुख्य लिपिक. वॉर्डाचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे त्यात चूक माझी होती, ऑफिसची नव्हे.

तक्ता साधा असतो. डावीकडे हेड, म्हणजे खर्चाची बाब, आणि तिचा कोड. पुढे चार रकाने: गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षी किती तरतूद आहे, त्यातली किती खरोखर लागेल, आणि पुढच्या वर्षी किती हवी. वॉर्डातले सगळे रस्ते, गटारं, दवाखान्यांचे नळ, स्मशानातली लाकडं, चौक्यांवरचे झाडू या चार रकान्यांत बसवायचे. मी नवीन असताना आमच्या हेडक्लार्कबाईंनी पहिला धडा दिला होता: "सहा हवे असतील तर दहा लिही. वर कापतातच." सगळे तसंच करत. सगळ्या वॉर्डांचं आणि खात्यांचं मिळून जे फुगायचं ते मुख्यालयात जमा व्हायचं. २०१६-१७ चा अर्थसंकल्प ३७,०५२ कोटींचा होता. त्यातला बराच पैसा वर्षअखेरीस कागदावरच राहणार हे आम्हाला ठाऊक असायचं.

मग २०१६ चा हंगाम आला. यंदा मागणी नव्हे, प्रत्यक्ष खर्च बघणार, असा निरोप वरून आला. ज्या हेडखाली पैसे पडून राहिले तिथे तेवढेच मिळतील. हे म्हणणं मला त्या वेळीही पटलं होतं आणि आजही पटतं. फुगवलेला आकडा म्हणजे लोकांना दाखवलेलं खोटं स्वप्न, आणि त्यातले काही आकडे माझ्याच हातचे होते.

पण तक्ते भरायच्या ऐन वेळी नोटाबंदी झाली. पालिकेने मालमत्ता कर जुन्या नोटांत घ्यायचं ठरवलं आणि नागरी सुविधा केंद्राबाहेर रांगा लागल्या. आमच्या शाखेतली माणसं तिकडे बसवली. मी दिवसभर हजाराच्या नोटा मोजायचे आणि संध्याकाळी सहानंतर बजेटच्या तक्त्यांना हात लावायचे. डोंबिवलीची ८:१२ पकडायची असायची. पुढे फेब्रुवारीत पालिकेची निवडणूक होती, त्यामुळे इंजिनियर लोक मतदार याद्यांच्या कामावर. कोणाला काही विचारायचं तर माणूस जागेवर सापडत नव्हता.

अशा एका संध्याकाळी 'वस्तीतील स्वच्छतागृहे, किरकोळ दुरुस्ती' हे हेड माझ्यासमोर आलं. तरतूद ४० लाख, गेल्या वर्षीचा खर्च ११ लाख. मी पुढच्या वर्षासाठी १२ लाख लिहिले आणि खालच्या ओळीवर गेले. तीन मिनिटं लागली असतील.

२९ मार्च २०१७ ला अर्थसंकल्प मांडला गेला. एरवी कायद्याप्रमाणे तो ५ फेब्रुवारीपर्यंत यायला हवा, त्या वर्षी निवडणुकीमुळे लांबला. आकडा २५,१४१ कोटी, आधीच्या वर्षापेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी. शिस्त आली म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, मलाही बरं वाटलं.

त्याच वर्षी १ जुलैला जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर, बंद झाली. बाहेरच्यांना हा बदल किती मोठा होता ते सहज कळणार नाही. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर रोज रोख पैसा जमा व्हायचा. वर्षाला सात हजार कोटींच्या घरातलं, पालिकेच्या स्वतःच्या हातातलं ते उत्पन्न होतं. त्याच्या जागी राज्य सरकारकडून महिन्याच्या महिन्याला भरपाई येऊ लागली. पहिला धनादेश ६४७ कोटींचा होता. दरवर्षी त्यात आठ टक्के वाढ द्यायची असं कायद्यात आहे आणि ती मिळतेही. पण रोजची कमाई असलेलं घर आणि महिन्याला मनीऑर्डरची वाट बघणारं घर यांच्या वागण्यात फरक पडतोच. जकात नाक्यावरचे दोघे जण बदलून आमच्या शाखेत आले. त्यातला एक वयस्कर गृहस्थ पहिले काही दिवस सकाळी आल्या आल्या विचारायचा, "आज किती जमा?" वॉर्डात तसं रोज काही जमा होत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. आधी परिरक्षण, म्हणजे दुरुस्त्या बघणाऱ्या, विभागात गेल्या होत्या, तिथून "बजेट नाही" म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. चाळिशीच्या, घरकाम करणाऱ्या, पावसाने पदर भिजलेला. पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. लोखंडी कडी. गंजून पापुद्रे सुटलेली, एका टोकाचा स्क्रू तसाच अडकलेला आणि स्क्रूभोवती दरवाजाच्या प्लायचा ओला तुकडा.

"मॅडम, ही आमच्या संडासाची. हातात आली," त्या म्हणाल्या. "दहापैकी सहा दरवाज्यांना कडीच नाही. आतल्या बाईने एका हाताने दरवाजा ओढून धरायचा, बाहेर दुसरीने उभं राहायचं. माझी मुलगी सातवीत आहे. ती एकटी जात नाही. मला सातला कामावर निघायचं असतं, म्हणून आम्ही दोघी पाचला उठून जातो. अंधारात. दिवा पण नाही ना तिथे."

मी संगणकावर सॅप, म्हणजे आमची हिशेबाची प्रणाली, उघडून स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीचा कोड टाकला. तरतूद १२ लाख, शिल्लक नगण्य. पावसाआधी दोन ठिकाणची छपरं दुरुस्त केली त्यात सगळे गेले होते. तो बारा लाखांचा आकडा माझा होता. वर कोणी कापला नव्हता, मीच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी परिरक्षणच्या दुय्यम अभियंत्यांना घेऊन वस्तीत गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी बजेटसाठी जागेवर जाऊन काही बघितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. वीस सीटचं शौचालय, दहा बायकांचे, दहा पुरुषांचे. साधारण हजार-अकराशे माणसांसाठी. स्वच्छ भारतच्या निकषात सामुदायिक शौचालयात पंचवीस बायकांमागे एक सीट धरली आहे. इथे पाचशेच्या वर बायका आणि नीट वापरता येतील अशा सीट चार. म्हणजे एका सीटमागे सव्वाशेहून जास्त. शौचालय बांधलं तेव्हा वस्तीत बैठी घरं होती. आता प्रत्येक घरावर एक मजला चढला होता, काहींवर दोन, आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू. वस्ती वाढली, सीट तेवढ्याच राहिल्या. कोणी बायका-पोरं मुद्दाम मोजायला गेलं नाही, कारण तक्त्यात माणसांसाठी रकाना नाही.

परत येताना मी अभियंत्यांना विचारलं, "चाळीस लाख होते तेव्हा अकराच का खर्च झाले?"

त्यांनी जे सांगितलं ते मी त्या रात्री ट्रेनमध्ये लिहून काढलं. पूर्वी वॉर्डात खात्याचा सुतार होता. कडी, बिजागरी, दरवाजा खरवडणं, सगळं तो अर्ध्या तासात करायचा. त्यासाठी निविदा लागायची नाही. तो निवृत्त झाला, जागा भरली नाही. त्याच्या हाताखालचा मदतनीस गेला, तीही जागा भरली नाही. मग छोटी कामं एकत्र करून कंत्राट काढायचं ठरलं. पहिल्या निविदेला कोणी आलं नाही, कारण पन्नास ठिकाणी विखुरलेल्या शंभर-दोनशे रुपयांच्या कामात ठेकेदाराला सुटत नाही. फेरनिविदा काढली. कार्यादेश निघाला फेब्रुवारीत. ३१ मार्चपर्यंत अकरा लाखांची बिलं झाली, उरलेले एकोणतीस लाख लॅप्स, म्हणजे वर्ष संपलं म्हणून तरतूद बाद. आणि पुढच्या हंगामात मी ते एकोणतीस लाख पाहून समजले की यांना पैशांची गरज नाही.

माणूस गेला म्हणून काम कंत्राटात गेलं, कंत्राट रखडलं म्हणून पैसा पडून राहिला, पैसा पडून राहिला म्हणून तरतूद कापली. आज पालिकेच्या मंजूर पदांपैकी तिसरा हिस्सा रिकामा आहे असं सांगितलं जातं, तेव्हा लोकांना पगाराची बचत दिसते. मला तो सुतार दिसतो.

मग सुरू झाली तरतूद वळवण्याची खटपट. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला वापरायचा तर वरची मंजुरी लागते. हा नियम योग्यच आहे, नाहीतर औषधांचे पैसे डांबरात जातील. पण त्यासाठी आधी कुठे पैसे वाचणार आहेत ते शोधावं लागतं. मी सगळी हेडं चाळली. ऑफिसच्या रंगकामाचे सहा लाख होते, फर्निचरचे अडीच. अभियंत्यांनी अंदाजपत्रक केलं: कड्या, बिजागऱ्या, चौदा दरवाजे, दिवे, एका शौचालयाची टाकी. मी टिपणी लिहिली. सहायक आयुक्त साहेबांनी वाचली आणि विचारलं, "ऑफिसला रंग नाही लावला तर चालेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, "साहेब, आम्हाला दार आहे." ते काही बोलले नाहीत, सही केली. फाईल परिमंडळ उपायुक्तांकडे गेली, तिथून वित्त विभागात. मधे २९ ऑगस्टचा पाऊस झाला. मुंबई तुंबली आणि पुढचे दहा दिवस पंप, गाळ, साथीचे रोग याशिवाय कोणाला काही दिसत नव्हतं. मंजुरी यायला एकूण सात आठवडे लागले. मी दोनदा स्वतः मुख्यालयात जाऊन फाईल कुठल्या टेबलावर आहे ते बघून आले. त्या सात आठवड्यांत वस्तीतल्या मुकादमाने आपल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्ट्यांचे तुकडे आणून तीन दरवाज्यांना तात्पुरते अडसर लावले होते. त्याचं बिल कोणत्याच हेडखाली आलं नाही.

दिवाळीआधी काम झालं. त्या बाई परत ऑफिसात आल्या नाहीत, यायचं कारणही नव्हतं.

पुढच्या हंगामात तक्ता भरताना मी सोबत एक जादा पान जोडलं. ज्या ज्या हेडखाली पैसे उरले होते त्या प्रत्येकासमोर का उरले ते लिहिलं. प्रकार तीन निघाले: काम झालं आणि स्वस्तात झालं. काम नकोच होतं, आकडा फुगवलेला होता. काम हवं होतं पण निविदा, माणूस किंवा परवानगी अडली. यातल्या दुसऱ्या प्रकाराचे आकडे मी स्वतः निर्दयपणे कापले. एकोणीस हेडं निघाली तशी, काही माझ्या आवडत्या साहेबांच्या हट्टाची. तिसऱ्या प्रकाराला हात लावला नाही, उलट वाढवून मागितले. प्रत्येक शौचालयाची सीट आणि वापरणारी माणसं अभियंत्यांकडून आणि वस्तीतल्या आरोग्य सेविकांकडून घेऊन लिहिली. आरोग्य सेविकांना घरन्‌घर माहीत असतं. त्यांना बजेटबद्दल कधी कोणी विचारलं नव्हतं.

मुख्यालयात चर्चेला बसलो तेव्हा तिथले अधिकारी पान उलटून म्हणाले, "प्रत्येक वॉर्डाने असं जोडलं तर आम्ही वाचायचं कधी?" त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्याकडेही माणसं कमी होती. पण त्यांनी वाचलं. ४२ लाख मागितले होते, ३० मिळाले. शिवाय वर्षभराच्या दर-कराराने छोटी कामं द्यायची मुभा मिळाली, म्हणजे प्रत्येक कडीसाठी नव्याने निविदा नको. मला पैशापेक्षा ती मुभा मोठी वाटली.

नंतरच्या वर्षांत ओझं वाढतच गेलं. कोविडमध्ये उत्पन्न आटलं आणि खर्चाला धरबंध उरला नाही, त्या वर्षाबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, सुमारे सोळा लाख घरांचा. माझ्या बहिणीचं घरही त्यात बसतं. तिला दिलासा मिळाला आणि मला तो रकाना रिकामा दिसला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवकाकडे जाणारी माणसं थेट वॉर्डात येऊ लागली. बायका-माणसं खिडकीशी तासन्‌तास उभी, आणि खिडकीच्या आत पूर्वीच्या निम्मी टाळकी.

लोक म्हणतात, पालिकेला कसली काटकसर, हजारो कोटींच्या ठेवी आहेत. आहेत खऱ्या. एके काळी ९२ हजार कोटींवर गेलेल्या ठेवी आता दहाएक हजार कोटींनी उतरल्या आहेत, आणि ठरलेल्या कामांची देणी त्याहून कितीतरी मोठी आहेत. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, त्यातले ४३ हजार कोटींच्या वर भांडवली: सागरी किनारा रस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, मलनिःसारण प्रकल्प. मी या कामांच्या विरोधात नाही. सांडपाणी शुद्ध न करता समुद्रात सोडणारं शहर मला नको आहे. पण हजार कोटींचा पूल एका फाईलवर चालतो, आणि शंभर रुपयांच्या हजार कड्यांना हजार ठिकाणी बघणारा माणूस लागतो. पैसा भरपूर असतानाही वॉर्डात टंचाई असते ती अशी. अर्थसंकल्प तिप्पट झाला म्हणून आमचा सुतार परत आला नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असते. ५ सप्टेंबर २०२३ ला तिथल्या नगर परिषदेने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे आता नवा खर्च बंद, जे कायद्याने करावंच लागतं तेवढंच करणार. समान वेतनाच्या दाव्यांची जुनी देणी, फसलेली संगणक प्रणाली, आणि त्याआधीची कित्येक वर्षं केंद्र सरकारच्या अनुदानात होत आलेली कपात. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचा कर जवळपास दहा टक्क्यांनी वाढला. २०२५ मध्ये सफाई कामगारांचा बेमुदत संप झाला तेव्हा तिने रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पिशव्यांचे फोटो पाठवले. मी विचारलं, "आधी काय कापलं गं?" ती म्हणाली, "मावशी, वाचनालयं, मुलांचे क्लब. म्हातारी माणसं आणि अडचणीतली मुलं यांची काळजी कायद्याने घ्यावीच लागते, आणि तीच मागणी सगळ्यात वाढतेय. मग बाकीचं सगळं त्यात जातं."

आमच्या १८८८ च्या कायद्यातही कलम ६१ मध्ये बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत आणि ६३ मध्ये ऐच्छिक. सार्वजनिक शौचालयं बांधणं, राखणं, साफ ठेवणं ६१ मध्ये आहे, अगदी सुरुवातीला, गटारांबरोबर. तिला हे सांगताना मला ती कडी आठवली. बंधनकारक कामाचा पैसा मी ऐच्छिक असल्यासारखा कापला होता.

माझं शेवटचं बजेट २०२४ च्या पावसाळ्यानंतर झालं. माझ्या जागी बसणाऱ्या मुलीला मी तक्ते समजावले. तिला सॅप माझ्यापेक्षा छान येतं. जादा पान बघून तिने विचारलं, "मॅडम, हे परिपत्रकात नाहीये. जोडायलाच हवं का?" मी म्हटलं, "उद्या सकाळी सातला वस्तीत ये. चपला साध्या घाल."

ती आली. दर-करार झाल्यापासून दरवाजे बरे होते, दिवे लागत होते. रांग होती, पण बाहेर कोणी दार धरून उभं नव्हतं. वर्दळ ओसरल्यावर ती एकेक दरवाजा आत जाऊन बंद करून बघू लागली. कडी लागल्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा, मग ती पुढच्या दाराकडे जायची. सातव्या दरवाज्याला आवाज आला नाही. तिने दोनदा ढकललं, मग बाहेर येऊन मोबाईलमध्ये लिहिलं: ७, पाण्याने दरवाजा फुगला, कडी बसत नाही. नंतर तिने बाहेर बसलेल्या सेविकेला विचारलं, "ताई, या बाजूला साधारण किती बायका येतात?"

सेविकेने पिशवीतून आपली वही काढली.